दुखणं खरं, प्रश्न खोटा

फुलचूर गोंदियाला इतकं लागून आहे की शहर कुठे संपलं आणि गाव कुठे लागलं हे नवख्याला कळत नाही. इथल्या पोरापोरींची कॉलेजं गोंदियात, शिकवण्या गोंदियात, दवाखानाही गोंदियात. पण जुलै-ऑगस्टात रोवणी लागली की हेच गाव पुन्हा शेतकऱ्याचं होतं. बांध्यांमध्ये पाणी साचतं, पऱ्हे उपटले जातात आणि घरातले सगळे हात चिखलात जातात.

समजा, अशा एका घरात अकरावीतली मुलगी आहे. रोवणीच्या दिवसांत तिचे खुबे आणि मांड्या ठणकतात. दिवाळीनंतर थंडी पडली की पुन्हा ठणकतात. मधल्या काळात डोकं दुखतं, पोट दुखतं, झोप लागत नाही. महिन्यातले सात-आठ दिवस कॉलेज बुडतं. गल्लीतल्या डॉक्टरने सलाईन लावली, इंजेक्शन दिलं, दोन दिवस बरं वाटलं. एक्स-रे काढला, तो स्वच्छ आला. त्या स्वच्छ एक्स-रेनंतर घरातलं कोणीतरी म्हणालं, ‘काही नाही झालं बाप्पा हिला, सोंग करून रायली.’

झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या धानपट्ट्यात, ‘सोंग’ हा तसा मानाचा शब्द. दंडार या लोकनाट्यात सोंगं येतात. मंडई या गावजत्रेच्या दिवसांत लोक रात्रभर थंडीत बसून नाटकं पाहतात. नाटकावर एवढा जीव असलेल्या मुलखात दुखणाऱ्या पोरीला ‘नाटक करते’ म्हणून गप्प करावं, हा विचित्रच योग. पण तो फुलचूरपुरता नाही. दुखणं शरीरातलं की मनातलं, खरं की खोटं, हा प्रश्न जगभरच्या डॉक्टरांनी अशा मुलांना पिढ्यान्‌पिढ्या विचारला आहे. गेल्या साठ वर्षांच्या संशोधनाने काय केलं असेल, तर या प्रश्नाचं उत्तर न देता प्रश्नच मोडीत काढला.

तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकणारं किंवा पुन्हा पुन्हा येणारं दुखणं म्हणजे दीर्घकालीन वेदना, अशी आजची व्याख्या आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत तिला पहिल्यांदा स्वतंत्र जागा मिळाली. ही आवृत्ती २०२२ पासून लागू झाली. तिच्यात असंही मान्य केलं आहे की काही जणांत दुखणं हाच आजार असतो. त्यामागे दुसरा रोग सापडलाच पाहिजे असं नाही. जगभरच्या पाहण्या एकत्र केल्या तर साधारण पाच मुलांमागे एकाला असं दुखणं असतं. डोकेदुखी, पोटदुखी, पाठदुखी आणि सांधे-स्नायूंचं दुखणं ही त्यातली नेहमीची. वयात येताना प्रमाण वाढतं आणि मुलींमध्ये ते जास्त दिसतं.

गोंदियात मात्र या यादीत आणखी एक नाव घालावं लागतं, आणि माझ्या मते ते सगळ्यात आधी घालावं लागतं: सिकलसेल.

भारतात हा आजार १९५२ साली नीलगिरीतल्या आदिवासींमध्ये आणि आसामच्या चहामळ्यांतल्या मजुरांमध्ये आढळला. त्यानंतर सहाच वर्षांत, १९५८ साली, शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलवर ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं. म्हणजे आपल्या भागातला हा रोग वैद्यकाला साठ वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे. हिमोग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागी एक अमिनो आम्ल बदलतं, एवढाच काय तो दोष. पण त्यामुळे ऑक्सिजन कमी पडला की तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि पुढचं रक्त थांबतं. जिथे रक्त थांबतं तिथे दुखतं, आणि असं दुखतं की मोठा माणूस आडवा पडून ओरडतो. अंगातलं पाणी कमी झालं, गारठा लागला, ताप आला, अंगमेहनत जास्त झाली की हा झटका येऊ शकतो. रोवणीत यातल्या तीन गोष्टी एकाच दुपारी घडतात. वारंवार रक्त अडकून काहींच्या मांडीच्या हाडाचं डोकं झिजतं. मग दुखणं झटक्यापुरतं राहत नाही, रोज चालताना सोबत असतं.

आपल्याकडचा सिकलसेल सौम्य असतो, असं फार काळ शिकवलं गेलं. भारतीय रुग्णांच्या रक्तात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त टिकतं, हे त्याचं कारण सांगत. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेकडो मुलांच्या नोंदी ठेवल्या, तेव्हा ‘सौम्य’ या शब्दाचा फुगा फुटला. विदर्भातल्या मुलांना वेदनेचे झटके वारंवार येत होते. याच गटाने हायड्रॉक्सीयुरिया हे औषध किलोमागे रोज १० मिलिग्रॅम अशा कमी मात्रेत देऊन झटके बरेच कमी होतात हे दाखवलं. रोज एक कॅप्सूल आणि अधूनमधून रक्ततपासणी, एवढ्यावर पोराचं आयुष्य बदलू शकतं. मानसोपचाराची बाजू मांडण्याआधी हे ठासून सांगायला हवं, कारण ज्या मुलाला हे औषध मिळालेलं नाही त्याला श्वासाचे व्यायाम शिकवत बसणं म्हणजे छप्पर गळत असताना भिंत रंगवणं.

पण मग सिकलसेलचा रिपोर्ट हाती आला की ‘सोंग’ हा आरोप संपतो का? नाही. इथेच हा विषय उघडा पडतो. रक्तात पुरावा असलेल्या मुलांनाही ऐकावं लागतं की एवढं काय दुखतं, कालपर्यंत तर बरा होता. झटका बाहेरून दिसत नाही. सूज नाही, जखम नाही. आणि दोन झटक्यांमधला काळ? पुढचा कधी येईल या भीतीत तो जातो. बोर्डाच्या परीक्षेत आला तर? सहलीत आला तर? मित्र सुटतात, खेळ सुटतो, वर्ग पुढे निघून जातो. मुलीच्या बाबतीत घरातले हलक्या आवाजात बोलू लागतात, कारण लग्नाच्या वेळी ही गोष्ट सांगायची की लपवायची हे ठरायचं असतं. हा आजार आईबाप दोघांकडून मिळून येतो. दोघे वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक अशी शक्यता. तरी बोल लागतो तो बहुधा आईला. अशा घरात वाढणाऱ्या पोराला उदासी आली, धडधड होऊ लागली, तर त्यात नवल ते काय. डॉक्टरच्या खोलीत मात्र हिमोग्लोबिन किती एवढंच विचारलं जातं.

वेदना आणि भावना किती गुंतलेल्या असतात याचा एक मोठा पुरावा अमेरिकेतून आला. किशोरवयापासून मोठेपणापर्यंत हजारो जणांचा माग ठेवणाऱ्या एका राष्ट्रीय अभ्यासाची आकडेवारी मेलनी नोएल आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली तपासली. किशोरवयात दीर्घकालीन वेदना असलेल्यांपैकी २४.५ टक्के मोठेपणापर्यंत नैराश्याच्या आजाराला सामोरे गेले होते. बाकीच्यांत हे प्रमाण १४.१ टक्के होतं. चिंतेच्या आजारांत २१.१ विरुद्ध १२.४. किशोरवयातल्या दुखण्याची सावली मोठेपणापर्यंत राहते, असाच याचा अर्थ. उलट दिशेनेही तसंच: उदास, घाबरलेल्या मुलाचं साधं दुखणं लांबण्याची शक्यता जास्त.

हे असं का होतं? १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी ‘द्वार-नियंत्रणा’चा सिद्धान्त मांडला. शरीरातून निघालेला वेदनेचा संदेश मेंदूपर्यंत जसाच्या तसा पोहोचत नाही. मज्जारज्जूत त्याला एक दार लागतं, आणि ते किती उघडायचं यात वरून, म्हणजे मेंदूकडूनही, हुकूम येतात. लक्ष, भीती, अपेक्षा, जुनी आठवण ही सगळी त्या दाराशी उभी असतात. सिद्धान्ताचे तपशील पुढे बरेच बदलले, पण मूळ कल्पना टिकली.

आपल्याकडच्या पोराला हे समजावायचं तर मी जागलीचं उदाहरण देईन. धान भरायला आलं की रानडुकरांपासून राखण करायला रात्री कोणीतरी शेतात झोपतं. पहिल्या रात्री तो डुक्कर दिसल्यावरच ओरडतो. दोनदा पीक तुडवलं गेलं की तो पान हललं तरी डबा बडवतो. त्याचं ओरडणं खोटं नसतं, त्याचे कान जरुरीपेक्षा तिखट झालेले असतात. दीर्घकालीन वेदनेत मज्जासंस्थेची अवस्था या जागल्यासारखी होते. सिकलसेलमध्ये तर डुकरं खरोखर येतातही. म्हणून त्याला झोपवून चालत नाही, त्याचे कान पुन्हा बेताचे करावे लागतात.

मानसोपचार म्हणजे नेमकं काय करतात, याबद्दल आपल्याकडे दोनच चित्रं आहेत: एक झोपेच्या गोळ्यांचं, दुसरं ‘सकारात्मक विचार करा’ म्हणणाऱ्या व्याख्यात्याचं. वेदनेसाठीचा मानसोपचार दोन्हींत बसत नाही. सगळ्यात जास्त अभ्यासली गेलेली पद्धत म्हणजे विचार आणि वर्तन या दोन्ही अंगांनी जाणारी, बोधात्मक-वर्तनोपचार. मराठी वाचकाला तिचा भाऊबंद आधीच ठाऊक आहे. अल्बर्ट एलिसची विवेकनिष्ठ पद्धत किशोर फडके यांनी मुंबई-ठाण्याकडे रुजवली, अंजली जोशी यांनी ‘मी अल्बर्ट एलिस’ या पुस्तकातून ती घराघरात नेली. वेदनेच्या बाबतीत या कुळातले उपचारक साधारण आठ-दहा भेटींत पुढची कामं करतात.

आधी दुखणं समजावून सांगतात, वर जागल्याचं सांगितलं तसं. ही पायरी वाटते तितकी किरकोळ नाही. ‘तुझं दुखणं खरं आहे’ हे वाक्य पांढऱ्या कोटातल्या माणसाकडून पहिल्यांदा ऐकताना पुष्कळ मुलांना रडू येतं, असं या कामातले लोक सांगतात. मग श्वास आणि स्नायू सैल सोडण्याचा सराव येतो. त्यानंतर येतो तो मला सगळ्यात कळीचा वाटणारा भाग: कामाची लय बांधणं. दुखणाऱ्या मुलांचा एक ठराविक फेरा असतो. बरा दिवस उगवला की बुडालेलं सगळं एका दिवसात उरकायचं आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात काढायचे. हळूहळू बऱ्या दिवसांचीच धास्ती वाटू लागते. उपचारक सांगतो, बऱ्या दिवशीही ठरलं तेवढंच कर आणि वाईट दिवशीही थोडं कर. घड्याळ बघून थांब, दुखलं म्हणून थांबू नको. शाळेतही एकदम पूर्ण दिवस जायचं नाही. दोन तासांनी सुरुवात करायची, वाढवत न्यायचं. भीतीमुळे हालचाल सुटते, हालचाल सुटल्याने शरीर कमकुवत होतं, त्यामुळे आणखी दुखतं, हे चक्र व्लायेन आणि लिंटन यांनी २००० साली नीट मांडलं होतं. त्या चक्रात पाचर मारण्याची ही जागा.

विचारांवरचं काम त्यानंतर. ‘आता मी कधीच बरी होणार नाही, माझं सगळं संपलं’ हा विचार आला की दुखणं चढतं, हे मुलीला स्वतःच्या वहीतल्या नोंदींवरून दाखवायचं. यातली एक शाखा विचारांशी भांडायचंच सोडते. स्वीकार आणि बांधिलकी असं तिचं सूत्र. स्वीडनमध्ये रिकार्ड विक्सेल यांनी ती वेदनाग्रस्त मुलांवर वापरली. दुखणं जाईल तेव्हा जगू असं न म्हणता, दुखण्याला बरोबर घेऊन तुला जे महत्त्वाचं वाटतं त्याकडे एक पाऊल टाक, असं ती सांगते. वारीत भेगाळल्या पायांनी चालणारी माणसं पाहिलेल्या समाजाला हे परकं वाटू नये. फरक इतकाच की तिथे पंढरपूर ठरलेलं असतं, इथे प्रत्येकाने आपापलं ठरवायचं.

आईबापांचा भाग वेगळा सांगायला हवा, कारण तो कानाला उलटा लागतो. लिन वॉकर यांनी २००६ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. वारंवार पोट दुखणाऱ्या आणि धडधाकट अशा दोन्ही गटांतल्या मुलांना पोट तट्ट होईपर्यंत पाणी प्यायला लावलं. मग काही आयांना सांगितलं, मुलाच्या त्रासाकडे लक्ष द्या, विचारपूस करा. काहींना सांगितलं, दुसऱ्या गोष्टींवर बोला. विचारपूस झाली तिथे तक्रारी जवळजवळ दुप्पट झाल्या, विषय बदलला तिथे निम्म्यावर आल्या. गंमत पुढे आहे. पोटदुखीच्या मुलांना विषय बदलणारी आई जास्त बरी वाटली, पण त्यांच्या आयांना मात्र वाटलं की असं केल्याने मुलाचं नुकसान होईल. ‘कसं वाटते आता?’ असं दर तासाला विचारणारी आपली माय माया करते यात शंका नाही. पण ती नकळत जागल्याच्या हातात डबा देते. याच सूत्रावर रोना लेव्ही यांनी २००० च्या दशकात अमेरिकेत दोनशे मुलं आणि त्यांचे पालक यांच्यासोबत फक्त तीन भेटींचा उपचार केला. २०१० साली निष्कर्ष आले: दुखणंही घटलं आणि पालकांची दुखण्याभोवतीची धावपळही. तीन भेटी! मानसशास्त्रज्ञांची वानवा असलेल्या जिल्ह्याने हा आकडा लक्षात ठेवावा.

पुराव्याचा एकूण हिशेब मात्र प्रामाणिकपणे द्यायला हवा, कारण मानसोपचाराचे पुरस्कर्तेही कधीकधी जडीबुटीवाल्यासारखे बोलतात. मुलांमधल्या दीर्घकालीन वेदनेवरच्या मानसोपचारांचा २०१८ सालचा कोक्रेन आढावा ४७ चाचण्यांवर आणि सुमारे २,९०० मुलांवर उभा आहे. डोकेदुखीत उपचारानंतर दुखण्याचे दिवस कमी झाले, पण पुढे तो फायदा टिकल्याचं दिसलं नाही. इतर दुखण्यांत तीव्रता थोडी उतरली. रोजच्या जगण्यातली अडचण, म्हणजे शाळा, खेळ, चालणं-फिरणं, यात मात्र सुधारणा झाली आणि ती पुढेही राहिली. नैराश्यावर असर जवळजवळ नाहीच. पुराव्याचा दर्जाही आढावा घेणाऱ्यांनीच हलका ठरवला. २०२० च्या डिसेंबरात जागतिक आरोग्य संघटनेने मुलांच्या वेदनेवर मार्गदर्शिका काढली, तिनेही शारीरिक उपचार, मानसोपचार आणि औषधं या तिन्हींची शिफारस करताना पुरावा कमी असल्याचं मान्य केलं.

मग औषधं तरी किती भक्कम? मुलांच्या अर्धशिशीवर सर्रास दिल्या जाणाऱ्या दोन गोळ्यांची खोट्या गोळीशी तुलना करणारी मोठी अमेरिकी चाचणी २०१७ साली आली. एकीने ५२ टक्के मुलं सुधारली, दुसरीने ५५, आणि खोट्या गोळीने ६१. चाचणी मध्येच थांबवावी लागली. ही चाचणी करणाऱ्या स्कॉट पॉवर्स यांच्याच गटाने २०१३ साली १३५ मुलांवर दाखवलं होतं की यातल्याच एका गोळीला बोधात्मक-वर्तनोपचाराची जोड दिली तर महिन्याचे डोकेदुखीचे दिवस २१ वरून साडेअकराने घटतात. गोळीसोबत नुसती माहिती दिली तर ६.८ ने. दोन्ही अभ्यास शेजारी ठेवून वाचले की गोळी लिहून देणाऱ्याचा हात थोडा तरी थांबावा.

सिकलसेलमध्ये मानसोपचाराचा पुरावा आणखी विरळ आहे. लंडनच्या कोफी एनी यांनी या प्रश्नाचा वारंवार आढावा घेतला. वेदनेचा भावनिक भार उतरतो, वेदनेची तीव्रता फारशी नाही, इतपतच त्यातून म्हणता येतं. अमेरिकेत जेफ्री शॅट्झ यांच्या गटाने २०१५ साली मुलांना थोडक्यात प्रशिक्षण देऊन पुढचा सराव मोबाइलवर करवून घेतला, आणि ज्या दिवशी सराव केला त्याच्या दुसऱ्या दिवशी दुखणं कमी नोंदवलं गेलं. कल्पना आकर्षक आहे. पण फुलचूरच्या मुलीच्या हातात मोबाइल किती वेळ असतो, आणि त्यात काय पाहते याची चौकशी भाऊ किती वेळा करतो, हेही कोणीतरी मोजायला हवं.

कोक्रेनच्या आढाव्यातली नैराश्याची रिकामी जागा पुन्हा आठवा. वेदनेचा उपचार केला तर उदासी आपोआप जाईल, ही आशा फोल ठरली. उलट चिंता-नैराश्याचे उपचारक दुखण्याला हात लावत नव्हते. डेव्हिड बार्लो यांच्या ‘एकत्रित’ पद्धतीतून यावर वाट निघाली. आजारांची वेगवेगळी नावं बाजूला ठेवून त्यांच्या मुळाशी असलेली समान गोष्ट धरायची: नकोशी भावना आली की तिच्यापासून पळणं. जिल एरेनराइक-मे यांनी ती किशोरवयीनांसाठी बेतली, आणि २०१२ साली लॉरा अ‍ॅलन, लॉनी झेल्ट्झर आदींनी तिचं वेदनाग्रस्त मुलांसाठीचं रूप मांडलं. त्यात भीती आणि ठणक यांना एकाच वागणुकीने सामोरं जायला शिकवतात: आलं, ओळखलं, अंगात कुठे जाणवतं ते पाहिलं, पळालो नाही, हातातलं काम चालू ठेवलं. सुरुवात मोजक्याच मुलांवर झाली आणि मोठ्या चाचण्यांचं बळ तिला अजून यायचंय. तरी आपल्या भागाला हाच सांधा उपयोगाचा, असं मला वाटतं. एका मुलीला खुब्यासाठी एकीकडे, पोटासाठी दुसरीकडे आणि रडण्यासाठी नागपूरच्या मनोरुग्णालयाकडे पाठवणं कोणालाच परवडत नाही. तिसऱ्या ठिकाणी तर ती जाणारच नाही. १८६४ पासून उभ्या असलेल्या त्या इमारतीचं नाव विदर्भात अजून शिवीसारखं वापरतात.

भारतात या नेमक्या विषयावर फार थोडं काम झालं आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटात ७.३ टक्के मुलांना मानसिक आजार आढळला. गोंदियाच्या सीमेला लागलेली मध्य प्रदेश आणि छत्तीसगड ही दोन्ही राज्यं त्यात होती, महाराष्ट्र नव्हता. पण उपचार कोण देऊ शकतं, या प्रश्नावर मराठी मुलखाजवळच मोलाचं काम झालं. १९९६ साली गोव्यात सुरू झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेने दाखवलं की गावातल्या साध्या शिकलेल्या माणसाला नीट शिकवलं, त्याच्यावर देखरेख ठेवली, तर तो नैराश्याचा उपचार परिणामकारकपणे देऊ शकतो. याच परंपरेतून पुढे शाळकरी मुलांसाठी ‘समस्या सोडवणं’ शिकवणारी छोटी पद्धत निघाली. दिल्लीच्या सरकारी शाळांतल्या २५१ मुलांवर तिची चाचणी २०२० साली प्रसिद्ध झाली. मुलांनी स्वतः सांगितलेल्या अडचणी हलक्या झाल्या, लक्षणांवर परिणाम कमी दिसला. विदर्भात ‘विश्राम’ या कार्यक्रमाने अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांमार्फत काम केलं. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोहोचणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं, असं राहुल शिधये आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली लिहिलं. अमरावतीत जमतं ते गोंदियात का जमू नये?

इथे गडचिरोलीचा एक धडा आठवतो. डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने सुरुवातीच्या वर्षांत सिकलसेलची पाहणी केली, आकडे काढले, सरकारनेही दखल घेतली. पण गावकऱ्यांना ती आपली गरज वाटली नाही, हे बंग यांनीच मोकळेपणाने सांगितलं आहे. लोक आपल्या दुखण्याबद्दल बोलत होते, संशोधक रक्ताबद्दल. पुढे त्याच संस्थेने कंबरदुखी-पाठदुखी हा लोकांच्या तोंडचा विषय अभ्यासाला घेतला.

२०२३ च्या १ जुलैला शहडोलमध्ये सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. १७ राज्यांतल्या ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ हे लक्ष्यवर्ष. अभियान सुरू झालं तेव्हा बारा वर्षांची असलेली मुलगी २०४७ साली छत्तिशी गाठेल. तपासण्या मोजायला सोप्या असतात, म्हणून अहवालात त्याच येतात. त्या मुलीचे महिन्यात किती दिवस दुखण्यात गेले हे कोणी मोजत नाही. कायद्याने काही दारं उघडली आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आहे, राज्य मंडळाच्या परीक्षेत अशा विद्यार्थ्यांना जादा वेळ मिळतो. संपत रामटेके यांच्यासारख्यांनी नागपुरात सिकलसेल सोसायटीच्या माध्यमातून वर्षानुवर्षं रेटा लावला, त्यांना २०१८ साली पद्मश्रीही मिळाली. तीव्र झटक्यात लागणाऱ्या वेदनाशामकांचं मात्र अजून अवघड आहे. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात २०१४ साली सुधारणा होऊन मॉर्फिनची वाट सोपी झाली खरी, पण गावाजवळच्या दवाखान्यात ते मिळण्याची आशा धरता येत नाही. २०१८ पासून ट्रॅमाडॉलही त्याच कायद्याखाली आलं.

गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. शाळकरी वयासाठी ‘मैत्री’ क्लिनिकची योजना आहे, गावाजवळ आयुष्मान आरोग्य मंदिर आणि तिथले समुदाय आरोग्य अधिकारी आहेत, आशाताई आहेत, १४४१६ वर मराठीतून बोलणारी टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे. कागदावर माणसं कमी नाहीत. चुकतं ते दार. ‘मानसिक’ असं लिहिलेल्या खोलीत आपल्याकडची मुलगी आईसोबत शिरणार नाही. लग्नाचा प्रश्न आधीच अवघड आहे, त्यात आणखी एक कागद कशाला. पण हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या घ्यायला तिला ठरावीक दिवशी यावंच लागतं. तिथे ती रांगेत तासभर बसते, सोबत तिच्यासारखी आणखी पाच-सात पोरं असतात. समुपदेशकाची खुर्ची त्या रांगेशेजारी हवी. आणि मुलीला विचारायचा पहिला प्रश्न ‘टेन्शन आहे का?’ असा नको. त्याला उत्तर ‘नाही’ असंच येतं. ‘दुखण्यामुळे या महिन्यात काय काय राहून गेलं?’ हा प्रश्न विचारला की ती बोलू लागेल. उदासी त्यातूनच बाहेर येईल, तिला वेगळं आवतण लागणार नाही.

झाडीबोलीत, पोवारीत, गोंडीत दुखण्याला जे शब्द आहेत ते आधी गोळा करायला हवेत. इंग्रजीतली प्रश्नावली पुण्याच्या मराठीत आणून इथे चालवली तर मुलगी ‘हो’ म्हणत जाईल आणि हाती काही लागणार नाही. झाडफूक करणाऱ्याकडे लोक जातात त्याचं एक कारण तो त्यांच्या शब्दांत बोलतो आणि दुखणं खोटं आहे असं कधीच म्हणत नाही. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने त्याच्या अघोरी बाजूला चाप लावला, तो लावायलाच हवा होता. त्याच्या ऐकून घेण्याची जागा मात्र दवाखान्याने अजून घेतलेली नाही.

आणि रोवणी? ती तर दर साली येणार. आतापर्यंत अशा मुलीपुढे दोनच वाटा असायच्या: दिवसभर चिखलात वाकून दुसऱ्या दिवशी सलाईन लावणं, नाहीतर घरी पडून ‘सोंग’ ऐकणं. कामाची लय शिकवणारा उपचारक तिसरी सुचवेल. गोळी घेऊन, पाण्याची बाटली भरून ती सकाळी शेतावर जाईल. बांधावर बसून पऱ्ह्यांच्या जुड्या सोडवून देईल, अर्ध्या तासाने ठणक असो-नसो उठेल, दोन फेऱ्या मारेल, पुन्हा बसेल. अकरा वाजले की सायकलवरून कॉलेजला निघेल. घरच्यांनी एकच पथ्य पाळायचं: संध्याकाळी ती परत आली की ‘दुखलं काय वो?’ याच्या आधी ‘आज काय शिकवलं?’ हे विचारायचं.